'लेगसी' : वारस की वारसा?
अमेरिकन सॉरॉरिटींच्या सभासदभरतीतील एका शब्दाची चिकित्सा

१

अमेरिकेतील विद्यापीठांत विद्यार्थिनींच्या ज्या निवासी व निवडक संघटना 'सॉरॉरिटी' या नावाने ओळखल्या जातात, त्यांच्या सभासदभरतीत घराण्याच्या पूर्वसंबंधास किती स्थान असावे, हा प्रश्न अलीकडच्या काळात बराच चर्चिला गेला आहे. ही चर्चा बहुधा न्याय आणि समान संधी यांच्या परिभाषेत होते व ते योग्यही आहे. परंतु तिच्या केंद्रस्थानी असलेल्या शब्दाकडे मात्र जावे तितके लक्ष गेलेले दिसत नाही. ज्या मुलीची आई, आजी किंवा बहीण एखाद्या सॉरॉरिटीची सभासद असते, त्या मुलीस त्या सॉरॉरिटीची 'लेगसी' असे म्हणतात. नात्याची ही व्याख्या संस्थेसंस्थेगणिक थोडीबहुत बदलते. शब्द मात्र सर्वत्र एकच आहे. या शब्दाची घडण नीट पाहिली, तर भरतीच्या व्यवहारातील एक मूलभूत विसंगती तिच्यात साठलेली आढळते, आणि नियम बदलले तरी ती विसंगती का टिकून राहते याचाही उलगडा होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

'सॉरॉरिटी'साठी मराठीत 'भगिनीमंडळ' हा शब्द सहज सुचतो. तो आम्ही मुद्दामच वापरलेला नाही. भगिनीमंडळ म्हटले की आपल्यापुढे शिवणवर्ग, हळदीकुंकू आणि सर्वांना खुले असलेले दार येते. सॉरॉरिटीचे दार खुले नसते. निवड हाच तिचा प्राण आहे. म्हणून मूळ शब्दच देवनागरीत ठेवणे इष्ट वाटले.

२

प्रथम या संस्थांचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. १८६७ साली इलिनॉय राज्यातील मन्मथ महाविद्यालयात आज 'पाय बीटा फाय' या नावाने प्रसिद्ध असलेली संस्था निघाली. १८७० च्या जानेवारीत इंडियाना राज्यातील ॲस्बरी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या डीपॉ विद्यापीठात, बेटी लॉक व तिच्या तीन मैत्रिणींनी 'कॅपा आल्फा थीटा' स्थापन केली. त्या काळी ही मंडळे स्वतःस 'फ्रॅटर्निटी' म्हणजे बंधुसंघच म्हणवीत, कारण स्त्रियांच्या अशा संघास वेगळे नाव रूढ झालेले नव्हते. १८७४ साली सिरॅक्यूज येथे निघालेल्या 'गामा फाय बीटा' या संस्थेसाठी तेथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॅली यांनी 'सॉरॉर', म्हणजे बहीण, या लॅटिन शब्दावरून 'सॉरॉरिटी' हे नाव सुचवले. १९०२ साली या संस्थांची मध्यवर्ती परिषद अस्तित्वात आली व तिच्या घटक संस्थांची संख्या पुढे २६ झाली.

या इतिहासातील एक गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. मुलींना महाविद्यालयाचे दार नुकतेच उघडले होते आणि वर्गात त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. अशा वेळी एकमेकींस आधार देण्याकरिता ज्यांनी हे संघ काढले, त्यांच्यापैकी एकीचीही आई तेथे शिकलेली नव्हती, कारण तसे शिकणे तिला शक्यच नव्हते. तात्पर्य, ज्या पिढीचे स्मरण म्हणून लेगसीस मान दिला जातो, त्या पिढीत लेगसी असणे तर्कतःच अशक्य होते. संस्थापिकांनी एकमेकींस बहीण मानले ते स्वतःच्या निवडीने. जन्माचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

३

नातेवाचक शब्दांचा विचार समाजरचनेपासून तोडून करता येत नाही, हे मराठी अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. इरावती कर्वे यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथाने ती दृष्टी आपणांस दिलेली आहे. त्याच दृष्टीने सॉरॉरिटीतील नातेशब्दांकडे पाहिले असता दोन गोष्टी नजरेत भरतात.

पहिली गोष्ट अशी. मराठीत 'बहीण' हा शब्द विशेषणाविना वापरला तर तो रक्ताच्या नात्याचा निदर्शक असतो. फार तर सख्खी, चुलत, मावस, आते, मामे असे भेद आपण करतो. नाते जोडलेले असेल, तर मात्र 'मानलेली बहीण' असे स्पष्ट सांगावे लागते. म्हणजे जन्माचे नाते चिन्हरहित आणि मानीव नाते चिन्हांकित, अशी ही व्यवस्था आहे. सॉरॉरिटीच्या बोलीत हा क्रम नेमका उलटतो. तेथे नुसते 'सिस्टर' म्हटले की संघभगिनी समजावयाची. पाठच्या बहिणीविषयी बोलावयाचे असल्यास 'बायॉलॉजिकल सिस्टर', म्हणजे जैविक बहीण, अशी पुस्ती जोडावी लागते. संघाच्या चार भिंतींत तरी निवडीचे नाते मूळ ठरते आणि जन्माचे नाते अपवाद.

दुसरी गोष्ट याहून लक्षणीय आहे. आई आणि मुलगी एकाच सॉरॉरिटीच्या सभासद झाल्या, तर संस्थेच्या परिभाषेत त्या एकमेकींच्या बहिणी होतात. पिढ्यांचे अंतर या शब्दापुढे विरून जाते. त्याच्या जागी संघ स्वतःच्या पिढ्या नव्याने रचतो. नवागत मुलीस एक 'मोठी बहीण' नेमून दिली जाते. त्या मोठ्या बहिणीची मोठी बहीण ही आजीच्या धर्तीची. आणि अशा साखळीस 'कुटुंब' म्हणतात, तिचा वंशवृक्षही काढतात. येथील ज्येष्ठता जन्मावर अवलंबून नसते, दीक्षेच्या क्रमावर असते. आपल्याकडील 'गुरुबंधू' या नात्याशी तिचे काहीसे साधर्म्य आहे.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ डेव्हिड श्नायडर यांनी १९६८ सालच्या आपल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, अमेरिकन समाजाची नात्याची कल्पना दोन घटकांची बनलेली आहे : एक रक्त, म्हणजे निसर्गाने दिलेला अंश; दुसरा आचारसंहिता, म्हणजे नात्यास शोभेल असे वर्तन. या विवेचनाच्या आधारे पाहता सॉरॉरिटीतील भगिनीत्व हे केवळ दुसऱ्या घटकावर उभे आहे. रक्ताशिवाय बहीण होता येते, हाच तिचा दावा आणि हेच तिचे आकर्षण. मग जी संस्था आत गेल्यावर रक्तास गौण लेखते, तिने दारापाशी मात्र रक्ताची विचारपूस का करावी? लेगसीचा प्रश्न तो हाच.

४

आता दारापाशी काय चालते ते पाहू. मोठ्या विद्यापीठांत सत्रारंभाच्या सुमारास भरतीचा कार्यक्रम अनेक दिवस चालतो. अलाबामा विद्यापीठात अलीकडे एकेका वर्षी अडीच हजारांच्या आसपास मुली त्यात भाग घेत आल्या आहेत. मुली फेरीफेरीने निरनिराळ्या सॉरॉरिटींच्या घरी जातात. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही पक्ष आपापला पसंतिक्रम देतात. यादी आखडत जाते. आणि अखेरच्या फेरीनंतर जुळणी होऊन मुलीच्या हाती एका संस्थेचे निमंत्रण पडते. प्रत्येक शाखेने किती मुली घ्यावयाच्या याचे प्रमाण ठरलेले असते.

या व्यवस्थेत लेगसीस पूर्वापार कोणता लाभ मिळे? नियम सर्वत्र सारखे नव्हते. तथापि दोन तरतुदी पुष्कळ संस्थांत आढळत. एक, लेगसी असलेल्या मुलीस निदान पहिल्या निमंत्रित फेरीस तरी बोलवावे. दोन, ती अखेरच्या फेरीपर्यंत पोहोचली, तर निमंत्रणांच्या यादीत तिचे नाव अग्रभागी घालावे. काही संस्थांत अशा मुलीस वगळावयाचे झाल्यास तिच्या सभासद आईस वा आजीस तसे आधी कळविण्याचीही रीत होती. जिच्याविषयी निर्णय व्हावयाचा ती मुलगी, आणि जिला जबाब द्यावयाचा ती आई, ही व्यवस्था पुढील विवेचनाच्या दृष्टीने बोलकी आहे.

लेगसी म्हणजे हमी, असा समज मात्र चुकीचा ठरेल. दक्षिणेकडील जुन्या व मोठ्या शाखांपुढे कधी कधी लेगसींचीच संख्या उपलब्ध जागांहून अधिक होई. अशा ठिकाणी नियमाचा अक्षरशः अवलंब करावयाचा तर बाहेरच्या एकाही मुलीस जागा उरली नसती. म्हणून पुष्कळ लेगसी मुली प्रत्यक्षात वगळल्या जात; आणि जी मुलगी आईचे पदक पाहत लहानाची मोठी झाली, तिला ते वगळणे अधिकच लागे. बाहेरच्या मुलीस वाटे, आपल्याला आजी नव्हती म्हणून डावलले. लेगसी मुलीस वाटे, आजी असूनही आपण कमी पडलो. एकाच नियमाने दोघींच्या पदरी दुःख घातले.

५

भरतीच्या या शब्दसंग्रहाकडे एकत्रित पाहिले, तर त्यात दोन थर दिसतात. एक थर नात्याचा : बहीण, मोठी बहीण, कुटुंब. दुसरा थर मालमत्तेच्या व्यवहाराचा. संस्थेच्या निमंत्रणास 'बिड' म्हणतात. लिलावातील बोलीसही हाच शब्द आहे. निमंत्रण स्वीकारलेल्या पण अद्याप दीक्षा न झालेल्या मुलीस 'प्लेज' म्हणत. या शब्दाचे अर्थ प्रतिज्ञा आणि तारण असे दोन्ही होतात. आणि तिसरा शब्द 'लेगसी', म्हणजे मृत्युपत्राने मागे ठेवलेली वस्तू.

यांपैकी प्लेज व लेगसी या शब्दांत एक समान अर्थप्रक्रिया घडलेली आहे. दोन्ही ठिकाणी वस्तूचे वा क्रियेचे नाव माणसास लागले. प्रतिज्ञा करणारी ती स्वतःच प्रतिज्ञा झाली. वारसा मिळण्याची जिला अपेक्षा, ती स्वतःच वारसा झाली. इंग्रजी कायद्याच्या भाषेत मागे ठेवलेली वस्तू ती 'लेगसी' आणि ती ज्यास मिळावयाची तो 'लेगटी', असा स्पष्ट भेद आहे. मराठीतही 'वारसा' आणि 'वारस' असे दोन शब्द आहेत व त्यांची गल्लत कोणी करीत नाही. सॉरॉरिटीच्या बोलीने मात्र मुलीस 'लेगटी' न म्हणता 'लेगसी' म्हटले. या शब्दाचे मराठी भाषांतर करावयास बसावे, तर लेखणी येथेच अडते. 'वारस' लिहावे, तर मुलीस हक्काची धनीण केल्यासारखे होते, आणि तसा हक्क तर तिला नाही. 'वारसा' लिहावे, तर वाक्य विचित्र होते. पण मूळ शब्दाशी इमान राखावयाचे तर तेच खरे भाषांतर होय. आईने संस्थेस मागे ठेवलेली ठेव, ती ही मुलगी.

अशा अर्थविस्तारात नवल काय, शब्द लाक्षणिक अर्थाने वापरला जाणारच, असा आक्षेप येथे घेता येईल. आक्षेप रास्त आहे. कोणतीही मुलगी हा शब्द ऐकून आपणास वस्तू समजत नाही, हेही खरे. परंतु लक्षणा ही पुष्कळदा व्यवहाराचा मागोवा घेत असते. वगळण्याचा निर्णय मुलीआधी आईस कळवावा, ही रीत आठवावी. ज्या व्यवहारात उत्तरदायित्व मागे ठेवणाऱ्या व्यक्तीशी असते, त्यात मधली व्यक्ती ठेवीसारखीच वागविली जाते. शब्दाने ते केवळ उघड केले.

या शब्दाची व्युत्पत्तीही उद्बोधक आहे. लॅटिनमधील ज्या धातूपासून तो आला, त्याचे अर्थ 'अधिकार देऊन पाठविणे' आणि 'मृत्युपत्राने देणे' असे दोन आहेत. चौदाव्या शतकातील इंग्रजीत 'लेगसी' हा शब्द दूतमंडळ वा दूताचे पद या अर्थी येतो. मालमत्तेचा अर्थ पंधराव्या शतकातील. दारापाशी उभ्या असलेल्या त्या मुलीच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकवटलेले दिसतात. ती घराची दूत आहे आणि ठेवही आहे. स्वतःच्या वतीने बोलणारी व्यक्ती मात्र या दोहोंपैकी एकाही अर्थात बसत नाही.

६

शब्दाची ही चिकित्सा निव्वळ शब्दापुरती राहती, तर तिचे महत्त्व बेताचेच होते. परंतु ज्यांना आजीच्या नावाचा आधार मिळणे शक्य नव्हते, त्यांच्या संदर्भात या शब्दाचा परिणाम तपासला की त्याचे गांभीर्य कळते.

अलाबामा विद्यापीठाचेच उदाहरण घेऊ. तेथे कृष्णवर्णी विद्यार्थ्यांना कायमचा प्रवेश मिळाला तो १९६३ साली, तोही संघराज्याच्या शासनाने हस्तक्षेप केल्यावर. त्यानंतरही पन्नास वर्षे तेथील जुन्या श्वेतवर्णी सॉरॉरिटी जवळजवळ पूर्णतः श्वेतवर्णीच राहिल्या. २०१३ च्या सप्टेंबरात तेथील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने असे प्रसिद्ध केले की, शाखेतील मुलींची अनुकूलता असूनही कृष्णवर्णी उमेदवारांना निमंत्रण जाऊ नये म्हणून माजी सभासदांनी हस्तक्षेप केला होता. देशभर टीका झाली, विद्यापीठाने भरती पुन्हा खुली करावयास लावली आणि मग काही कृष्णवर्णी मुलींना निमंत्रणे गेली. आता या पार्श्वभूमीवर लेगसीचा नियम वाचावा. त्यात वर्णाचा उल्लेख नाही. परंतु ज्या मुलीची आजी त्या विद्यापीठात पाऊलही ठेवू शकत नव्हती, तिला लेगसी होण्याचा मार्गच नव्हता. नियम नातीविषयी बोलतो आणि निर्णय आजीच्या काळाचा लागू करतो.

या वाक्यरचनेचे एक जुने उदाहरण अमेरिकन इतिहासात आहे. गुलामगिरी संपल्यावर १८७० च्या घटनादुरुस्तीने मतदानातील वर्णभेदास बंदी झाली. तेव्हा दक्षिणेतील काही राज्यांनी मतदारांवर साक्षरता वगैरे अटी घातल्या आणि ज्यांना, किंवा ज्यांच्या पूर्वजांना, १८६७ च्या आरंभी वा त्याच सुमाराच्या ठरावीक दिवशी मताधिकार होता, त्यांना त्या अटींतून सूट दिली. लुइझियानाने १८९८ साली व ओक्लाहोमाने १९१० साली असे केले. ही 'आजोबांची तरतूद' सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली घटनाबाह्य ठरविली. दोन्हींचे हेतू एक नव्हेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती तरतूद वगळण्याकरिताच रचलेली होती. लेगसीचा नियम जिव्हाळ्यातून आला. परंतु हेतू भिन्न असूनही दोहोंची वाक्यरचना एक आहे : नातवाची पात्रता आजोबांच्या क्रियापदावर अवलंबून.

येथे दुसरी बाजूही मांडावयास हवी. ज्यांना वगळले गेले, त्यांनी स्वतःच्या संस्था काढल्या. हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली 'आल्फा कॅपा आल्फा' व १९१३ साली 'डेल्टा सिग्मा थीटा' या कृष्णवर्णी विद्यार्थिनींच्या सॉरॉरिटी निघाल्या. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयात १९०९ साली ज्यू विद्यार्थिनींनी 'आल्फा एप्सिलॉन फाय' काढली. मिशिगन विद्यापीठात १९१२ साली कॅथलिक विद्यार्थिनींची 'थीटा फाय आल्फा' निघाली. अशा संस्थेत आजीचे पदक नातीच्या छातीवर येते, तेव्हा त्यात बंद दारांपुढे टिकून राहिल्याची स्मृती असते. तिला निव्वळ विशेषाधिकार म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणून स्मृती नष्ट करा, असा आमचा आग्रह नाही. स्मृती आणि अग्रक्रम या दोन वस्तू आहेत. एकाच शब्दात त्या बांधल्या गेल्यामुळे एकीचा बचाव करणारा दुसरीचाही बचाव करीत बसतो, इतकेच आमचे म्हणणे.

७

२०२० साली अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध जी मोठी चळवळ उसळली, तिच्या ओघात अनेक विद्यापीठांत या संस्थाच बंद कराव्यात अशी मागणी विद्यार्थ्यांतून पुढे आली. त्या वर्षी व पुढील वर्षी अनेक राष्ट्रीय सॉरॉरिटींनी लेगसीस अग्रक्रम देणारे नियम रद्द केले. विद्यापीठप्रवेशातील अशाच अग्रक्रमाविरुद्ध कायदेही झाले : कॉलराडोने २०२१ साली सार्वजनिक विद्यापीठांपुरता, तर कॅलिफोर्नियाने २०२४ साली खासगी विद्यापीठांनाही लागू होईल असा कायदा केला.

या संस्था शब्दांविषयी उदासीन आहेत असे कोणी म्हणू नये. 'रश' हा जुना शब्द टाकून त्यांनी 'रिक्रूटमेंट' म्हणजे भरती हा शब्द घेतला. 'प्लेज'च्या जागी 'नवी सभासद' आली. मुलीस वगळण्यास 'मुक्त करणे' असे सौम्य नाव मिळाले. शब्द बदलला की व्यवहाराविषयीची भावना बदलते, हे त्यांना पुरते ठाऊक आहे. अशा स्थितीत 'लेगसी' हा शब्द तसाच राहिला, ही गोष्ट अर्थपूर्ण मानावी लागते. नियमातील अग्रक्रम गेला, संज्ञा राहिली. आणि संज्ञा आहे तोवर मत देणाऱ्या मुलींच्या मनात उमेदवारांचे दोन वर्ग आपोआप पडतात. जे कलमातून काढले ते नामातून परत येते.

यावर उपाय काय? आमच्या मते तो व्याकरणातच आहे. 'तिची आई या संस्थेची सभासद होती' हे वाक्य आईविषयी आहे. त्यात स्नेह आहे, स्मृती आहे, आणि दीक्षाविधीच्या वेळी आईने मुलीस पदक लावावयाचे असेल तर त्यास हे वाक्य पुरेसे आहे. 'ती लेगसी आहे' हे वाक्य मात्र मुलीविषयी आहे. ते तिला एका वर्गात घालते. पहिल्या वाक्यात कर्ता आई असल्यामुळे आईचे कर्तृत्व आईपाशी राहते आणि मुलगी आपल्या गुणदोषांनिशी दारापाशी उभी राहू शकते. नियम बदलणाऱ्या संस्थांनी हे नामच सोडून द्यावे आणि वाक्यात बोलावे, अशी शिफारस भाषेचा अभ्यासक म्हणून करावीशी वाटते.

शेवटी, या प्रश्नाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार भारतीयांस मोकळे झाले आणि तेथे वाढलेल्या मुली पुढे महाविद्यालयांत गेल्या. त्यांच्यापैकी कोणाचीही आजी कोणत्याही सॉरॉरिटीत नव्हती. १९९८ साली ह्यूस्टन विद्यापीठात 'डेल्टा फाय ओमेगा' व ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात 'कॅपा फाय गामा' या दक्षिण आशियाई विद्यार्थिनींच्या सॉरॉरिटी निघाल्या. १८७० च्या त्या चौघींप्रमाणेच यांच्या संस्थापिकाही पहिल्याच पिढीच्या. त्यांच्या मुली आता महाविद्यालयाच्या वयास येऊ लागतील, आणि मराठी बोलणाऱ्या घरांतील मुलींपुढेही हा शब्द उभा राहील. त्या घरांत 'मानलेली बहीण' हा शब्द अजून ऐकू येत असेल, तर बहीण मानता येते, वारशाने मिळत नाही, हे त्यांना परक्या भाषेतून शिकावे लागणार नाही.